ओरडू नको, जोर लाव!

लेबर रूममध्ये बाईला एकाच दमात दोन हुकूम मिळतात. ओरडू नको आणि जोर लाव. दुसरं कुठलंही अवजड काम मुकाट्याने करायला कुणी सांगत नाही. बंद पडलेली एसटी ढकलणारे 'हैय्या' करतात, टेनिस खेळणाऱ्या बायका चेंडू मारताना किंचाळतात आणि आपण त्यांना चषक देतो. तीन किलोचा जीव जगात आणणाऱ्या बाईने मात्र वाचनालयाचे नियम पाळायचे. त्यातूनही ओरडलीच, तर पुढचं वाक्य तयार असतं. सभ्य सदरांत ते छापत नाहीत, म्हणून मुद्दाम छापते: "नवऱ्याजवळ झोपताना नाही ओरडलीस ती?"

हे वाक्य नर्सिंगच्या कुठल्या पुस्तकात आहे, कुणास ठाऊक. पण राज्य बदललं, भाषा बदलली तरी ते थोड्याफार फरकाने ऐकू येतं. औषधांच्या पुरवठ्याबाबत आरोग्य खात्यात एवढी एकवाक्यता असती तर काय हवं होतं!

आता कुणीतरी म्हणणारच, "अहो, पण आई आणि बाळ सुखरूप आहेत ना?" आहेत. आणि ते थोडं नाही. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली जेमतेम ३९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ मध्ये हा आकडा ८९ टक्क्यांच्या घरात गेला, महाराष्ट्रात ९५ च्या. २०१८-२० मध्ये लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. ज्याला हे किरकोळ वाटतं त्याने घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारावं, मागच्या पिढ्यांत किती जणी बाळंतपणात गेल्या ते. माझं भांडण एवढंच, की 'सुखरूप आहात ना' हे आपण प्रत्येक तक्रारीवर ठेवायचं झाकण करून टाकलं आहे. भूल न देता टाके घातले? सुखरूप आहेस ना. मांडीवर चापट बसली? सुखरूप आहेस ना. पडदा न लावता शिकाऊ डॉक्टरांची रांग येऊन आतून तपासून गेली आणि एकानेही आपलं नाव सांगितलं नाही? अगं, पण बाळ किती गोड आहे, जावळ बघ!

मग बाईच्या लेखी बाळंतपण चांगलं गेलं की वाईट, हे ठरतं कशावर? कळा किती सोसल्या यावर, असं जवळजवळ सगळे सांगतात. विशेषतः ज्यांनी एकही सोसलेली नाही ते. टोरंटोच्या नर्सिंगच्या प्राध्यापिका एलन हॉडनेट यांनी २००२ मध्ये या विषयावरचे शंभराहून अधिक अहवाल एकत्र तपासले. चार गोष्टी वर आल्या. बाईने अपेक्षा काय धरली होती, आजूबाजूच्यांनी आधार किती दिला, त्यांच्याशी तिचं नातं कसं जमलं आणि निर्णयात तिला धरलं की नाही. वेदना, खोली, वय, ऐपत, झालेले वैद्यकीय उपाय, सगळं या चौघींच्या मागे. म्हणजे लॉबीत इटालियन मार्बल लावून भागत नाही. या चार गोष्टींची मोठी अडचण अशी की त्यांना खर्च फारसा नाही. त्यामुळे त्यांचं टेंडर निघत नाही आणि फीतही कापता येत नाही.

आधाराचंच घ्या. ग्वाटेमालातल्या एका इस्पितळात नातेवाइकांना आत सोडत नसत. तिथे डॉक्टरांनी काही बायकांजवळ एकेक अनोळखी, कसलंही शिक्षण न दिलेली बाई बसवली. तिने पाठ चोळायची, हात धरायचा, बोलत राहायचं, बस्स. १९८० मध्ये निकाल छापून आला. एकट्या पडलेल्यांना दाखल झाल्यापासून बाळंत होईपर्यंत सरासरी १९ तास लागले होते, सोबत मिळालेल्यांना नवापेक्षा कमी. अभ्यास लहान होता म्हणून नाक मुरडणार असाल तर २०१७ चा कॉक्रेन आढावा बघा, अनेक अभ्यास एकत्र तपासलेला. १७ देशांतल्या १५ हजारांहून जास्त बायका. ज्यांच्याजवळ कुणीतरी सतत होतं त्यांच्यात सिझर कमी, कळांचा काळ कमी आणि 'फार वाईट अनुभव आला' म्हणणाऱ्याही कमी.

हे आपल्या आजीला फुकटात माहीत होतं. म्हणून बाळंतपण दवाखान्यात नेल्याबरोबर आपण पहिलं काम काय केलं, तर आजीला दाराबाहेर बसवलं.

२०१६ मध्ये केंद्र सरकारला तिची आठवण झाली. सरकारी दवाखान्यात कळांच्या वेळी बाईजवळ सोबतीण ठेवायला परवानगी मिळाली. ती शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली असावी आणि जिथे आडोसा आहे तिथे नवराही चालेल. २०१७ च्या डिसेंबरात 'लक्ष्य' नावाची योजना आली, तिने बाईला सन्मानाने वागवणं हे लेबर रूमच्या दर्जाच्या मोजमापात धरलं. आपल्याकडे परिपत्रकाचा जन्म नेहमी विनासायास होतो. वाढ खुंटते ती नंतर. वॉर्डात चौकशी केली की कारणं मिळतात. गर्दी होते. इन्फेक्शन होतं. नातेवाईक भांडतात. आणि एकीची सोबतीण दुसरीला उघडी बघते. यातलं शेवटचं कारण तर अगदी खरं आहे, पण त्याला उपाय पडदा हा आहे, आई नसणं हा नाही. मात्र पडद्याला हूक लागतात, हुकांना मागणीपत्र लागतं, मागणीपत्रावर तीन सह्या. त्यापेक्षा आईला बाकावर बसवणं स्वस्त.

खासगीत हुकांचा प्रश्न नाही. पॅकेजमध्ये केक असतो, फुगे असतात, बाळाचं फोटोशूट असतं आणि नातेवाइकांना लोळायला सोफा. नाव घालायला आलेलं जोडपं पार्किंगची चौकशी करतं, मेडिक्लेम कॅशलेस होतो का विचारतं, एसी रूमचं भाडं विचारतं. "तुमच्याकडे शंभरात किती जणींचं सिझर होतं?" असं चुकून विचारलं, तर रिसेप्शनवरची मुलगी तुम्हाला आयकर खात्याची माणसं समजते. त्याच २०१९-२१ च्या पाहणीत देशभर खासगी दवाखान्यांत ४७ टक्के बाळंतपणं सिझरने झाली होती, सरकारीत १४ टक्के. खासगी इमारतीच्या लिफ्टमध्ये पाऊल टाकलं की बाईचं कंबरेचं हाड अरुंद होतं, असं अजून तरी कुणी सिद्ध केलेलं नाही. अर्थात सरकारीतले १४ म्हणजे सगळा संयमच आहे असंही समजू नका. काही ठिकाणी भूल देणारा डॉक्टरच नसतो, म्हणून सिझर होत नाही; गाडी पुढे जाते. त्या गाडीकडे येतेच.

सगळं डॉक्टरांच्या डोक्यावर फोडायला मी तयार नाही. ज्योतिषाकडून जन्मवेळ लिहून आणणारी आणि त्यासाठी सर्जनला पहाटे उठवणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. डॉक्टरांना पत्रिका जुळवण्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत. शिवाय नॉर्मलची वाट बघताना काही बिघडलं, तर काच फुटते आणि पहिली थोबाडीत ड्युटीवरच्या पोरीला बसते. सिझर केलं म्हणून आजवर कुणाची काच फुटलेली ऐकली नाही. मग डॉक्टर काय निवडतील?

पण निवडलं ते सांगतात कसं, तेही ऐका. "नाळ गळ्याभोवती आहे." साधारण चार-पाच बाळांत एकाच्या गळ्याभोवती नाळ असते आणि त्यातली बहुतेक व्यवस्थित जन्माला येतात. पण हे वाक्य रात्री साडेआठला बाहेर उभ्या असलेल्या नवऱ्याच्या कानात घातलं, की तो कुठल्याही कागदावर सही करतो. जमिनीच्या सातबाऱ्यावरसुद्धा करेल. आत बाईला मात्र "जरा ताकदीचं सलाईन लावतोय" असं सांगून कळा वाढवायचं औषध लावलेलं असतं. कळा एकदम का चढल्या हे तिला कळत नाही. तिला वाटतं, आपणच कमी पडतोय.

सही नवऱ्याचीच का? सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या बाईची स्वतःची संमती कायद्याला पुरते. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेलं एक प्रकरण बघा. बाळंतपणाचं नव्हतं, पण इथे चपखल बसतं. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका बाईचं गर्भाशय डॉक्टरांनी काढून टाकलं, कारण बाहेर बसलेल्या आईने हो म्हटलं होतं. न्यायालयाने तो होकार धरला नाही. बाई सज्ञान होती, जिवाला तातडीचा धोका नव्हता. शुद्धीवर येईपर्यंत थांबायचं होतं आणि तिलाच विचारायचं होतं. या निकालाची प्रत प्रत्येक लेबर रूमच्या दाराला लावा, असं मी म्हणणार होते. पण दारावर 'चपला बाहेर काढा' आणि 'मोबाइल बंद ठेवा' यांनी जागा भरली आहे.

आपल्याकडची वाटणी मोठी सुबक आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून बिल वडिलांचं. सही नवऱ्याची. निर्णय डॉक्टरांचा. मुहूर्त गुरुजींचा. बारशाला नाव ठेवणार आत्या. बाईच्या वाट्याला येतं ते फक्त बाळंत होणं, तेही आवाज न करता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसूतीच्या वेळच्या देखभालीबद्दल शिफारशी काढल्या. त्या वाचताना एखाद्या अनुभवी सुईणीने मंजूर केल्यासारख्या वाटतात. धोका नसलेल्या बाईला खाऊ-पिऊ द्या. फिरू द्या. तिला जमेल तशी बसू द्या, वाकू द्या. आतून तपासणी साधारण चार तासांनी करा. योनिमुखाला सरसकट छेद देऊ नका. वरून पोट दाबू नका. तासाला एक सेंटिमीटर या हिशेबाने घाई करू नका, कारण पुष्कळ बायकांचं शरीर त्याहून सावकाश उघडतं आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. आपल्याकडे पहिल्या कळेपासून बाई उपाशी, उताणी आणि सलाईनला जखडलेली. उताणं झोपवण्यात सोय कुणाची? पायथ्याशी उभ्या असलेल्याची. बाळाला खाली यायचंय, तर आईला आडवी का करता, एवढा साधा प्रश्न न्यूटनच्या सफरचंदालाही पडला असता.

आता सिस्टरची बाजू. तिला व्हिलन करून मोकळं होणं सोपं आहे. एकीचं डोकं दिसतंय, दुसरीला टाके घालायचेत, तिसरीचं रक्त थांबत नाही आणि चौथ्या टेबलावर दोघी आहेत. वर रजिस्टरं भरायची. सन्मानाने वागवलं का, याचाही रकाना तिनेच भरायचा! ती जिच्या हाताखाली शिकली तिनेही अशीच चापट मारली होती, आणि चापटीने बाई भानावर येते, बाळ वाचतं, यावर तिचा मनापासून विश्वास आहे. दुष्टपणाला वठणीवर आणता येतं, मनापासूनच्या विश्वासाला फार अवघड. तेलंगणाने २०१७ पासून करीमनगरात नर्सना वेगळं शिक्षण देऊन मिडवाइफ म्हणून तयार करायला घेतलं. कळांत बाईजवळ राहायचं, हेच मुळात तिचं काम. महाराष्ट्राने दक्षिणेकडून सांबार उचलला, हेही उचलायला हरकत नव्हती.

एक मात्र बारकाईने बघा. सिस्टरचा आवाज सगळ्यांसाठी सारखा चढत नाही. तो पायातली चप्पल, केसपेपरवरचं आडनाव आणि 'कितवी खेप' हा रकाना बघून चढतो. इंग्रजीत एक वाक्य बोललेली बाई लगेच 'मॅडम' होते. तिसरी खेप असलेली मजूर बाई "लाज नाही वाटत?" होते. "ऑपरेशन करून घे, नाहीतर परत इथे येऊ नको," ही तर जणू पावतीच. बाळंत झाल्याबरोबर आत तांबी बसवली आणि ती असल्याचं बाईला पुढे कधीतरी कळलं, असं सांगणाऱ्याही भेटतात. आणि शेवटी आयाबाईंची बक्षिसी. मुलगा झाला तर पाचशे, मुलगी झाली तर दोनशे चालतील. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि ने-आण सगळं मोफत केलं. बक्षिसी तेवढी राहून गेली. स्त्री-पुरुष भेदाचं इतकं प्रामाणिक दरपत्रक दुसऱ्या कुठल्याही कार्यालयात मिळणार नाही.

आणि ती गाडी. गाव ते प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा, तिथून मेडिकल कॉलेज. प्रत्येक थांब्यावर एक चिठ्ठी, 'पुढे न्या'. बाईच्या कळा आणि चिठ्ठ्या एकाच गतीने वाढतात. भामरागडला पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पुढे न्यायलाही रस्ता नसतो. मेळघाटात बाई कोरकू बोलते, सिस्टर मराठी आणि डॉक्टर कागदावर इंग्रजी लिहितात. ती घरी उकिडवी बसून, ओळखीच्या बायकांत बाळंत व्हायची. इथे तिला अनोळखी पुरुषांसमोर उताणी झोपवतात, उपाशी ठेवतात. मग ती दवाखान्यात यायला तयार होत नाही आणि आपण अहवालात 'अज्ञान' असं लिहितो. राज्याच्या आदिवासी जिल्ह्यांतल्या माहेरघर योजनेने मात्र हे थोडं ओळखलं. दिवस भरत आले की बाईने आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं, सोबत घरचं माणूस, लहान पोरंही, आणि जेवणाची सोय. सरकारी योजनेला इतकं शहाणं नाव क्वचित मिळतं.

शहरातल्या गाडीचा थांबा वेगळा असतो. तो काउंटरवर असतो. २०२५ मध्ये पुण्यात एका गरोदर बाईच्या मृत्यूनंतर लाखांच्या डिपॉझिटचा वाद राज्यभर गाजला. चौकशा झाल्या, मोर्चे निघाले, काळं फासलं गेलं. त्या गदारोळात सगळ्यांनी डिपॉझिटची रक्कम पाठ केली. काउंटरपुढे उभी असताना बाईच्या जिवाचं काय होत असेल, त्याची रक्कम कुणी काढली नाही.

१८८६ हे वर्ष आपण फार अभिमानाने सांगतो. त्या वर्षी आनंदीबाई जोशी पेनसिल्व्हेनियात डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी बाळंत होऊन दहा दिवसांत मूल गमावलेली मुलगी दुसरा कुठला विषय घेणार? त्याच वर्षी मुंबईत कामा हॉस्पिटल सुरू झालं, बायकांसाठी आणि बायकांनी चालवलेलं. पुरुष डॉक्टरपुढे बाई संकोचते, मोकळेपणाने बोलत नाही. बाई डॉक्टर मिळाली की बोलेल, अशी त्यामागची आशा. आज स्त्रीरोगतज्ज्ञांत बायका भरपूर. सिस्टर बाई, आया बाई. टेबलावरच्या बाईला ओरडणाऱ्याही आता बहुतेक बायकाच. आनंदीबाईंना बायकांना डॉक्टर करायचं होतं. डॉक्टरांनी बाईचं ऐकायला शिकायचं, हा पुढचा धडा होता आणि तो आपण ऑप्शनला टाकला.

म्हणून नाव घालायला जाल तेव्हा पार्किंगच्या आधी हे विचारा. कळांच्या वेळी हिच्याजवळ कोण थांबू देता? काही करण्याआधी हिला स्वतःला सांगता का? सरसकट छेद देता का? सिझर किती होतात? गोड बोलून विचारा, पण उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका. दवाखाना सरकारी असेल आणि 'आत कुणाला सोडत नाही' म्हणाले, तर २०१६ सालच्या परवानगीची आठवण करून द्या आणि नकार लेखी मागा. लेखी म्हटल्यावर आपल्याकडे बरीच बंद दारं उघडतात.